आभारबाईंचं कोपर

बोगद्याच्या कामावर त्यांना सगळे आभारबाई म्हणत. हे नाव मुकादमांनी पाडलं होतं, आणि त्यात कौतुकापेक्षा वैताग जास्त होता. डोंगराच्या पोटातून गावाला पाणी आणायचं होतं, त्यासाठी बोगदा खणणं चाललं होतं. बोगद्याच्या तोंडाशी पत्र्याची एक केबिन होती आणि तिथे बाई माइकपाशी बसत. आत भिंतीला थोड्या थोड्या अंतरावर भोंगे लावलेले होते. माइकच्या बुडाशी असलेली लांबट पट्टी दाबून बाई बोलल्या की आवाज सगळ्या भोंग्यांतून निघे. आतल्या माणसानं भोंग्याखालचं बटण दाबून 'ऐकलं' म्हणायचं, असा नियम होता. 'ऐकलं' आल्याशिवाय निरोप पोचला असं धरायचं नाही.

बाई मात्र निरोप सांगायच्या आधीच आभार मानून मोकळ्या होत. 'पाइप बाजूला घेतल्याबद्दल आभारी आहे, आता तेवढा पाइप बाजूला घ्या,' अशी त्यांची तऱ्हा. आतली माणसं हसून बेजार होत. मुकादम बटण दाबून म्हणत, "वहिनी, आधी हलवू तरी द्या."

रविवारी उपासनेतही तेच. आमच्या चर्चच्या मंडळीत प्रार्थनेसाठी कुणी उभं राहिलं की बहुधा मागणं सुरू होतं. कुणाच्या गुडघ्यासाठी, कुणाच्या नोकरीसाठी. बाई उभ्या राहिल्या की आधी उपकारस्तुती, म्हणजे देवाचे आभार, आणि तेही मोघम नाहीत. खिडकीला नवी कडी बसली म्हणून, पाळकांचा खोकला उतरला म्हणून, समोरच्या घरातल्या आजी स्वतःच्या पायांनी जिना उतरल्या म्हणून. मागणं असे, पण ते शेवटी, आणि तेच मागणं त्या वर्षानुवर्षं सोडत नसत. पाळकांनी एकदा हळूच सुचवलं होतं की देवाला हे बारीकसारीक सगळं ठाऊकच असतं. बाई म्हणाल्या, "त्याला असतं हो. मलाच आठवावं लागतं."

त्यांचे यजमान त्याच बोगद्यात पंपावर होते. खडकातून झिरपणारं पाणी जिथे साठे, तिथे भिंतीत कोरून एक खोली केली होती. त्या खोलीतले पंप त्यांच्या ताब्यात. माणूस उंच, सावकाश बोलणारा आणि खवचट. बायको येते म्हणून उपासनेला यायचे, दाराजवळच्या शेवटच्या बाकावर बसायचे. प्रार्थना संपली की सगळे 'आमेन' म्हणत, हे ओठ मिटून बसत. विचारलं तर सांगत, "मी मनात म्हणतो." बायकोची प्रार्थना म्हणजे सामानाची उजळणी, असं त्यांचं मत होतं, आणि ते त्यांनी मला माझ्या घरी चहा पिताना दोनदा तरी ऐकवलं होतं. मी शाळेत शिकवतो, त्यांची मुलगी माझ्या वर्गात होती, त्यामुळे येणंजाणं होतं.

आता त्या दिव्याचं सांगायला हवं. माइकवर वाटाण्याएवढा एक लाल दिवा होता. पट्टी दाबली की तो लागे, म्हणजे आपला आवाज आत जातोय हे कळे. तो कधीचा गेला होता. नव्या दिव्यासाठी बाई रोज सकाळी स्टोअरवाल्यांच्या खिडकीशी थांबत आणि म्हणत, "दिव्याबद्दल आभारी आहे हं."

"बाई, अजून दिलाय कुठे?"

"द्याल ना. म्हणून."

स्टोअरवाले स्वभावानं वाईट नव्हते, आळशी होते. बाई येताना दिसल्या की ते फळ्यांमागे जाऊन काहीतरी शोधायला लागत. बाई खिडकीतूनच आभार मानत आणि पुढे जात.

ज्या दिवसाबद्दल मी लिहितो आहे, त्या दिवशी सकाळी घरात याच दिव्यावरून बोलाचाली झाली. यजमान म्हणाले होते, "अगं, आधीच आभार मानलेस तर तो कशाला हलेल? त्याला वाटतं काम झालंच." बाई डबा भरत राहिल्या. तेव्हा त्यांनी आणखी एक टोमणा मारला, की तुझा देवही त्या स्टोअरवाल्यासारखाच फळ्यांमागे लपत असेल. हे मात्र बाईंना लागलं. त्यांनी तोंड फिरवून डबा हातात दिला. कामावर दोघं बरोबर चालत गेली. बोगद्याच्या तोंडाशी रोज त्या म्हणत, 'सावकाश या.' त्या दिवशी म्हणाल्या नाहीत. ते आत गेले.

जेवणाच्या सुट्टीला थोडा वेळ होता. बाईंना आधी टेबलावरचा पाण्याचा पेला हललेला दिसला. मग पायांखालून काहीतरी जड सरकत गेल्यासारखं वाटलं, आणि बोगद्याच्या तोंडातून धुळीचा एवढा लोट बाहेर आला की केबिनची काच पिवळी झाली. माणसं धावत बाहेर आली, खोकत, एकमेकांना हाका मारत. तोंडाशी उभं राहून त्यांची मोजणी झाली. मधल्या भागात छत खाली आलं होतं. मुकादम, बाईंचे यजमान आणि चार खडक फोडणारे पलीकडे अडकले होते.

बाईंनी पट्टी दाबली. "ऐकताय का? कुणीतरी बोला." त्यांनी पट्टी सोडली आणि कान दिला. काही नाही. पुन्हा दाबली, पुन्हा सोडली. भोंग्यांना स्वतःची बॅटरी होती, आतली वीज गेली तरी ते चालायला हवे होते. बाई विचारत राहिल्या.  आभार मानायचं त्यांना सुचलंही नाही.

साहेब आत आले. साहेब म्हणजे कामावरचे मोठे इंजिनियर. अबोल, चष्मा सारखा पुसणारे. त्यांनी स्वतः माइक घेतला, मागची खुंटी फिरवली, कान लावला. मग म्हणाले, "राहू द्या बाई. लाइन मेली." तो शब्द त्यांनाच बोचला असावा, कारण लगेच म्हणाले, "लाइन गेली, म्हणजे. तार तुटली असेल." बाईंनी पट्टीवरचा हात काढून घेतला.

बोगद्याचा नकाशा केबिनच्या भिंतीवर, बाईंच्या पाठीमागे होता. त्यामुळे पुढचं सगळं बोलणं त्यांच्या डोक्यावरून झालं आणि त्यांना ते ऐकावं लागलं. ढिगारा उपसून आत पोचायला उद्याचा दिवस लागणार होता. तोवर आतली हवा पुरणार नव्हती. आशा एकच. डोंगरावर दगडाचे नमुने काढायला छिद्र पाडायचं यंत्र आणून ठेवलेलं होतं, आणि नेमकं पंपाच्या खोलीवर डोंगराचं छत सगळ्यांत पातळ होतं. तिथून भोक पाडलं तर संध्याकाळपर्यंत आत हवा जाईल, पाइप सोडता येईल.

"पण ते पंपाच्या खोलीत नसणार," साहेब म्हणाले.

कुणीतरी विचारलं, का नसणार.

साहेबांनी नकाशावर बोट फिरवलं ते बाईंना दिसलं नाही, फक्त कागदाची खरखर ऐकू आली. पंप बंद पडले, म्हणजे खोलीत पाणी चढत असणार. माणूस पाण्यापासून लांब पळतो. ते वर, बोगद्याच्या टोकाकडे गेले असणार. तिथे कोरडं आहे. पण टोकाला हवा सगळ्यांत आधी संपते, आणि तिथवर आपलं यंत्र पोचत नाही. आपण भोक पाडू, हाका मारू, खालून कुणी बोलणार नाही.

साहेबांनी चष्मा पुसला. मग साहेब म्हणाले, "तरी तिथेच पाडायचं. दुसरीकडे पाडणार कुठे?" आणि सगळे डोंगराच्या वाटेला लागले.

केबिनमध्ये बाई एकट्या राहिल्या. टेबलाखाली यजमानांचे जादा रबरी बूट होते, टाचेशी झिजलेले. त्यांना पाय लागू नये म्हणून त्यांनी पाय दुमडून खुर्चीखाली घेतले. बाहेर इतर घरची माणसं जमायला लागली होती. बाई त्यांच्यात गेल्या नाहीत. ही त्यांची जागा होती. माणूस आत असताना त्या कधी माइकपासून उठल्या नव्हत्या.

त्यांनी डोळे मिटले, दोन्ही कोपरं माइकच्या बुडाशी दोन्ही बाजूंना टेकली आणि बोटं एकमेकांत गुंतवून कपाळ त्यांवर ठेवलं. घरी जेवणाआधी त्या रोज अशाच बसत. त्या मोठ्यानं प्रार्थना करत. मनात करायची सवयच नव्हती.

आधी फक्त 'वाचव' आलं. वाचव, प्रभू, वाचव. किती वेळ त्या तेच म्हणत होत्या, त्यांना आठवत नाही. त्या सांगतात, तो शब्द म्हणता म्हणता रिकामा झाला. नुसती शिट्टी वाजावी तसा तोंडातून निघायला लागला, आणि भीती मात्र प्रत्येक वेळी वाढत गेली. उपकारस्तुती करावी असं मनात आलं तेव्हा तर त्या शहारल्या. आत्ता आभार मानले आणि देवानं त्याचा अर्थ 'झालं ते बरं झालं' असा घेतला तर? तोंडातून 'आभार' निघाला आणि तिकडे श्वास थांबला तर?  पण दुसरं काही येतच नव्हतं त्यांना. ज्याला एकच वाट ठाऊक आहे तो अंधारात त्याच वाटेनं जातो, तशा त्या निघाल्या.

"प्रभू, आज त्यांनी पोटभर न्याहारी केली, त्याबद्दल तुझे आभार. माझ्याशी भांडत केली, पण केली." मग थोडं थांबून, "त्यांच्या बरोबर मुकादम आहेत, ते घाबरत नाहीत, त्याबद्दल आभार. पंपाच्या खोलीत त्यांनी मागं लागून उंच ओटा बांधून घेतला, सगळे हसले होते, त्या ओट्याबद्दल आभार. ते रात्रभर घोरतात, मी रोज कुरकुर करते, आता करणार नाही. त्या घोरण्याबद्दल आभार."

एकदा धागा सापडल्यावर त्या थांबल्या नाहीत. केबिनमध्ये जे ऐकलं होतं ते सगळं त्यांनी एकेक करून देवापुढे ठेवलं. पंपाच्या खोलीवर डोंगर पातळ आहे, आभार. तिथेच यंत्र आधीपासून होतं, आभार. आता तिथूनच भोक पाडायला घेतलंय, संध्याकाळपर्यंत हवा येईल, आभार. आणि दर वेळी शेवटी तेच मागणं: "त्यांना पंपाच्या खोलीत आण. पाण्याला घाबरून ते टोकाकडे गेले असतील, तिथे हवा राहणार नाही, तिथवर कुणाचा हात पोचत नाही. त्यांना खाली आण, प्रभू. ओट्यावर उभं कर. ते येतायत त्याबद्दल आभार."

ते येतायत हे त्यांना ठाऊक नव्हतं. उलट ते येणार नाहीत असंच साहेब म्हणाले होते. तरी हे वाक्य त्यांनी एकदाही गाळलं नाही. त्या डोळे उघडत, पाण्याचा घोट घेत, काचेतून डोंगराकडे बघत. यंत्राची घरघर ऐकू येई. मग पुन्हा तशाच बसत आणि पुन्हा न्याहारीपासून सुरू करत. एकदा स्टोअरवाले दारात येऊन उभे राहिले, काही बोलायचं होतं, पण बाईंचं चाललेलं ऐकून टोपी काढून तसेच मागे गेले.

दुपारभर हे असंच चाललं.

ऊन डोंगराच्या अर्ध्यावर आलं तेव्हा घरघर थांबली. आवाज थांबल्यावर बाईंना जी भीती वाटली, ती दिवसभरात वाटली नव्हती. बाहेरची माणसं डोंगराकडे वळली. बाई हालल्या नाहीत. जोवर कुणी येऊन सांगत नाही, तोवर दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. त्यांना वाटलं, कुणी येऊच नये. आणि मग डोंगराच्या वाटेवरून कुणीतरी जोरात उतरत असल्याचा, दगड घरंगळल्याचा आवाज आला.

साहेब स्वतः आले होते. चष्मा हातात होता, दम लागला होता. दारातच म्हणाले की सहाच्या सहा आहेत. पंपाच्या खोलीत, ओट्यावर, कमरेएवढ्या पाण्यात. यंत्राचं टोक आत निघालं तसं खालून पान्यानं ठोकलं त्यांनी. पाइप सोडल्यावर बोलले.

बाईंना तरी उठता आलं नाही. साहेब जवळ आले आणि जरा गोंधळून म्हणाले, "तुमच्या यजमानांनी तुम्हाला निरोप दिलाय. मला काही कळला नाही. म्हणाले, हिला सांगा, आमेन."

बाईंनी साहेबांकडे पाहिलं. मग हळूहळू खाली, टेबलाकडे पाहिलं. त्यांचं उजवं कोपर अजून तिथेच होतं, माइकच्या पट्टीवर.

तार अर्धीच तुटली होती. आतला आवाज बाहेर येत नव्हता; बाहेरचा आत जात होता. लाल दिवा असता तर पहिल्याच प्रार्थनेला तो डोळ्यांपुढे लागला असता, आणि बाईंनी जीभ चावून कोपर काढून घेतलं असतं. कामाच्या माइकवर खासगी बोलायचं नाही हा नियम त्यांनी कधीच मोडला नव्हता.

आतली हकिगत मला नंतर मुकादमांनी सांगितली. साहेबांचा अंदाज बरोबर होता. ते सगळे टोकाकडेच गेले होते. टोप्यांवरचे दिवे एक सोडून विझवले होते आणि भिंतीला टेकून बसले होते. डोकी जड व्हायला लागली होती, एकाला झोप येत होती आणि त्याला कुणी हलवत नव्हतं. बाईंच्या पहिल्या हाका त्यांनी ऐकल्या होत्या, बटण दाबून दाबून 'ऐकलं, ऐकलं' म्हटलं होतं, पण बाहेरून बाई पुन्हा तेच विचारत राहिल्या. आपलं बोलणं बाहेर जात नाही हे तेव्हा त्यांना कळलं. मग साहेबांचा आवाज आला आणि नंतर काहीच नाही. मुकादम म्हणाले, ती शांतता सगळ्यांत वाईट होती. 'मुकादम घाबरत नाहीत' असं वहिनी पुढे म्हणाल्या, पण तेव्हा माझे दात वाजत होते. अंधार होता म्हणून कुणाला दिसलं नाही.

आणि मग भोंग्यातून 'वाचव, वाचव' यायला लागलं. ते ऐकून आतल्यांचा उरलासुरला धीर सुटला. बाहेर बसलेल्या माणसानं असं म्हणायचं, म्हणजे संपलंच. एक जण रडायला लागला. यजमान उठून भोंग्याची तार ओढायला निघाले होते. आपल्या बायकोचा तो आवाज त्यांना ऐकवेना. त्यांचा हात तारेवर असतानाच आवाज बदलला, आणि न्याहारीबद्दल आभार आले.

"भांडत केली, पण केली," हे ऐकून त्या काळोखात रडणाऱ्यालाच आधी हसू फुटलं. घोरण्यावर तर सगळेच हसले. आणि त्या हसण्यात कुणालाही समजायच्या आधी यजमानांना समजलं की ही उजळणी आहे. हिच्या प्रार्थनेत काहीही मोघम नसतं. त्यांनी सगळ्यांना गप्प केलं आणि नीट कान दिला. डोंगर पातळ. यंत्र. पंपाच्या खोलीवर. संध्याकाळपर्यंत.

पाण्यात उतरायला कुणी तयार नव्हतं. अंधारात, चढत्या पाण्याकडे पाय टाकायचे. मुकादमही आधी नाहीच म्हणाले. यजमान एवढंच बोलले, "ती जे बघून येते तेच सांगते. मी निघालो." भोंग्यातून बाई म्हणत होत्या, ते येतायत त्याबद्दल आभार. आणि ते खरंच एकमेकांचे पट्टे धरून, पाण्यात पाय चाचपत खाली निघाले. ओट्यावर चढेपर्यंत दोनदा तरी माणूस पाण्याखाली गेला. नंतरचे तास त्यांनी बाईंच्या आवाजावर काढले. न्याहारी पुन्हा सुरू झाली की खडक फोडणाऱ्यांतला एक जण म्हणे, "आली, आता ओटा येईल." ओटा येई.

दुसऱ्या दिवशी ढिगारा फोडून सहा जणांना बाहेर आणलं. बाईंनी यजमानांच्या अंगावरून हात फिरवला. यजमान म्हणाले, "घोरण्याचं सगळ्या गावाला सांगितलंस." मुकादम पाठीमागून म्हणाले, "वहिनी, आम्ही तर पाठ केलंय."

स्टोअरवाल्यांनी त्याच आठवड्यात दिवा आणला, न मागता, स्वतःच्या हातानं बसवला. बसवताना त्यांचे डोळे खाली होते. अपराधी वाटावं की अभिमान वाटावा, हे त्यांना ठरवता येत नसावं. बाईंनी आभार मानायला तोंड उघडलं, तर म्हणाले, "हे झालेत बाई मानून. कितीदा मानाल?" त्या ऐकणार होत्या थोड्याच.

मंडळीत यावर बरंच बोलणं झालं. कुणी म्हणालं चमत्कार, कुणी म्हणालं कोपर. बाईंना विचारलं तर त्या म्हणत, मी देवाशी बोलत होते, त्यानं ते कुणाकुणाला ऐकवलं हा त्याचा प्रश्न. पण त्यांना भीती वाटत नाही असं मात्र कुणी समजू नये. बोगदा पुढे वर्षभर चालला. रोज सकाळी यजमान आत गेले की पट्टी दाबण्याआधी बाई दोनदा हात पुसत. मी स्वतः केबिनमध्ये बसून ते पाहिलेलं आहे. लाल दिवा लागे, आणि त्या म्हणत, "पंपावर सुखरूप पोचल्याबद्दल आभारी आहे. पोचलात का?"

मग त्या श्वास धरून बसत. आत कुणीतरी सावकाश भोंग्यापाशी येई, बटणाची टक ऐकू येई. नियम 'ऐकलं' म्हणायचा होता. साहेबांनी एकदोनदा आठवणही करून दिली. पण पंपाच्या खोलीतून दर सकाळी एकच उत्तर येत राहिलं, मोठ्यानं, सगळ्या बोगद्याला ऐकू जाईल असं.

"आमेन."